आईच्या माहेरचं दुखणं

माझ्या धाकट्या भावाचे पाय कशाने गेले, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. दूध डेअरीच्या रांगेत विचारा, सोसायटीच्या ओट्यावर विचारा, चर्चच्या पायरीवर उन्हाला बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. सगळीकडे एकच उत्तर मिळेल. "त्याच्या आईच्या माहेरचं दुखणं हाय ते." आणि लगेच पुढचं, "बाप बघा की, आजून कसा पहाडासारखा हाय." हे उत्तर गावाला पुरवलं कुणी, तर त्या पहाडानेच. माझ्या वडिलांनी, नानांनी. आई कित्येक वर्षं त्या एका वाक्याखाली दबून जगली. ते वाक्य तिच्या डोक्यावरून उतरावं, एवढंच मला हवं होतं. धाकट्याचे पाय परत यावेत, असं मी कधी मागितलं नाही. ते येत नाहीत, हे मला कळतं. तेच तर मी शिकवते.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमचं गाव कोल्हारपासून जवळ, प्रवरेच्या पाण्यावरचं. ऊस, घास, दोन-चार जर्सी गाई, खाऊन-पिऊन सुखी माणसं. नाना शेतकरी, पण त्यांना शेतकरी म्हटलेलं आवडायचं नाही. ते वस्ताद. मारुतीच्या देवळामागे तालीम आहे, तिथली माती त्यांनी तरुणपणी अंगाला लावली ती कायमची. जिल्ह्यातले हगामे, म्हणजे जत्रेतल्या कुस्त्या, त्यांनी गाजवलेल्या. निदान ते तसं सांगत. आई खर्ड्याकडची. तिकडे पाऊस कमी, जमीन हलकी, बोली वेगळी. ती 'का' म्हणायच्या जागी 'कामून' म्हणायची आणि नाना चारचौघांत तिची नक्कल करून हसवायचे. "आमच्या हिकडं कोरडवाहू माल आणलाय," म्हणायचे. थट्टाच ती, पण थट्टेत माणूस काय काय पेरून ठेवतो, ते नंतर उगवतं तेव्हा कळतं.

आम्हा दोघांत बरंच अंतर. मी शाळा संपवत आले तेव्हा तो पहिलीत. मुलगा झाला म्हणून नानांनी तालमीत पेढे वाटले होते, आणि तो चार वर्षांचा होत नाही तोच त्यांना त्याच्या पोटऱ्या दिसल्या. खरंच दिसण्यासारख्याच होत्या. भरीव, गोल, टणक. मांड्या बारीक आणि खाली पोटऱ्या अशा भरलेल्या. नाना येईल-जाईल त्याला चड्डी वर करून दाखवायचे. "पिंढऱ्या बघा पोराच्या! पैलवान जन्माला आलाय, पैलवान!" बघणारेही तालमीतलेच. ते वाकून हात लावून बघायचे, चापट मारायचे, आणि मान डोलवायचे. आख्ख्या गावात एकाच्याही मनात आलं नाही, की चार वर्षांच्या पोराची पोटरी अशी नसते. कुस्तीच्या गावाला पोटरी दिसली की पैलवानच दिसतो. दुसऱ्या कुठल्या गावात जन्मला असता, तर कुणीतरी निदान विचारलं असतं.

आईने विचारलं होतं. तिला पोटऱ्या दिसल्या नाहीत, तिला तो जिना चढताना दिसला. "पोरगं कठड्याला लोंबकळून वर जातंय," ती म्हणायची. "पळताना बदकावानी डुलतंय. तुमाला दिसत न्हाई का?"

"तुला काय कळतंय त्यातलं? वजन हाय पायात. वजनदार पोरगं आसाच पाय टाकतंय."

आता बोला! वस्तादांनी निकाल दिला. आई गप्प बसली. त्या घरात तिला गप्प बसायचं चांगलं वळण लावलेलं होतं.

सातव्या वर्षी त्याला तालमीत घातलं. पहाटेच उठवून न्यायचे. जोर त्याला मारता यायचे थोडेफार, बैठकांना मात्र रडायचा. नानांची बैठकांची एक रीत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान. "बैठक सावकाश उतरायची. वर झटक्यात यायचं. खाली जाताना जो घाई करतो, त्याच्या मांडीत दम येत न्हाई." पोरं ओळीने उभी राहायची, नाना टाळी वाजवायचे, आणि सगळी मिळून सावकाश, अगदी सावकाश खाली जायची. धाकटा खाली जायचा. वर यायचा नाही. मग तो एक हात गुडघ्यावर ठेवायचा, दुसरा मांडीवर, आणि हातांनी स्वतःलाच ढकलत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. नानांना ती लबाडी वाटायची. "हात लावू नकोस!" म्हणून छडी त्याच्या बोटांवर बसायची. मी शाळेला जाताना तालमीच्या खिडकीतून कैकदा पाहिलंय ते. पोरगं रडतंय आणि बाप म्हणतोय, अंगचोर आहे.

अंगचोर. हा शब्द ऐकला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मग आली जत्रा. लहान पोरांच्या कुस्त्या आधी होतात, रेवड्यांवर. जिंकला की मूठभर रेवड्या, हरला की त्याहून कमी. कुणी मनावर घेत नाही. नानांनी घेतलं. धाकट्याला लंगोट बांधला, अंगाला माती लावली, हात वर धरून आखाड्याला फेरी मारली. लोक त्याच्या पोटऱ्या बघून शिट्ट्या मारत होते. समोर आलं कोल्हारचं एक काटकुळं पोर, छातीच्या फासळ्या मोजाव्यात असं. त्याने नुसता खांद्याला हात लावला. धाकटा बसला. पडला नाही, बसला. आणि उठताना त्याने तेच केलं, हात गुडघ्यावर, हात मांडीवर, हळूहळू वर. सगळा आखाडा हसला. कुणीतरी ओरडलं, "आरं, म्हातारा आणलाय का काय कुस्तीला!" आणि नानांनी आत उतरून सगळ्यांसमोर पोराच्या थोबाडीत मारली.

आई बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती तिथून चालत आखाड्यात गेली. आमच्याकडे बायका आखाड्याच्या मातीत पाय ठेवत नाहीत. तिने ठेवला. पोराला कडेवर घेतलं, लंगोटासकट, मातीसकट, आणि घरी आली. "उद्या मी ह्याला नगरला घेऊन जाणार," म्हणाली. "तुमी या न्हाईतर नका येऊ."

नाना आले. आले ते तिला खोटं पाडायला. पण डॉक्टरांनी धाकट्याला जमिनीवर बसवलं, उठायला सांगितलं, आणि तो उठत असतानाच त्यांचा चेहरा पडला. पोटऱ्या दाबून पाहिल्या. रक्त तपासलं, मग पुण्याला पाठवलं, मग परत बोलावलं. मी तेव्हा अकरावी सायन्सला होते, म्हणून मला बरोबर घेतलं होतं, इंग्रजी समजेल म्हणून. इंग्रजीची गरजच पडली नाही. डॉक्टर मराठीतच म्हणाले, की ह्याच्या स्नायूंत एक प्रथिन तयार होत नाही. स्नायू झिजत जातील. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत चालणं थांबेल. पुढे हात, पुढे श्वास, हृदय. औषधाने थोडं लांबवता येतं, थांबवता येत नाही. व्यायाम तर अजिबात नको, त्याने उलट झिजतं. पोटऱ्यांचं विचारलं तर म्हणाले, तो स्नायू नाहीच, मेलेल्या स्नायूच्या जागी भरलेली चरबी आहे.

नानांनी विचारलं, "हे येतं कुठून?"

डॉक्टरांच्या दारात रांग होती. ते चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "आईकडून येतं."

"बापाकडून न्हाई?"

"नाही. हा आजार वडिलांकडून मुलाला येतच नाही."

मी नानांकडे बघत होते. देवाशप्पथ सांगते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. पोरगं चालायचं बंद होणार हे नुकतं ऐकलेला बाप, आणि त्याचे खांदे सैल झाले. आई त्याच्याशेजारीच बसलेली, धाकट्याचे बूट मांडीवर घेऊन. नाना बाहेर आले आणि व्हरांड्यात, अजून धाकट्याच्या पायात बूटही घातला नव्हता, तोवर म्हणाले, "तरी मी म्हणत हुतो."

काय म्हणत होते, डोंबल? ते तर पैलवान म्हणत होते.

गावात बातमी आमच्या आधी पोचली असेल असं वाटावं, इतक्या लवकर ती सगळीकडे झाली. नानांनी स्वतः केली. तालमीत वस्तादाच्या पोराला असं कसं झालं, हा प्रश्न कुणी विचारायच्या आत त्यांनी उत्तर देऊन ठेवलं. "हिच्याकडचं हाय. डाक्टर म्हनला. आपल्या रक्तात न्हाई." आईच्या कानावर पडेल अशा बेताने, पाहुण्यांसमोर, लग्नाच्या पंगतीत. आणि पंगतीतल्या बायका आईकडे अशा बघायच्या, जणू तिने पोराच्या दुधात काही कालवलंय.

खर्ड्यालाही बातमी गेली. मामाला तीन मुली. तो दिवाळीला यायचा, आईला भाऊबीजेला घेऊन जायचा. त्या वर्षी आला नाही. फोन आला. "अक्का, तू रागावू नको. पर पोरी उजवायच्या हायेत. लोक म्हनतेत, ह्या घरातलं बी कमजोर हाय. पोरींचं जमू दे, मग ये." आई म्हणाली, "बरं." फोन ठेवला आणि फराळाचं तळायला बसली. त्या मामाच्या घरात चार पिढ्यांत असा एक मुलगा जन्मला नव्हता. मामा स्वतः धडधाकट, विहिरीवरचा पंप एकट्याने उचलायचा. हे कुणाच्या लक्षात यायला नको? पण खापर फोडायला डोकं सापडलं, की कुणी हिशेब मांडत नाही.

आमच्या अकरावीच्या पुस्तकात स्नायूचा धडा होता. ॲक्टिन आणि मायोसिन, दोन प्रकारचे तंतू, एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आकुंचन पावतो. एवढंच. मी ते पान इतक्या वेळा वाचलं की ते फाटलं, आणि धाकट्याचं त्यात काहीच सापडलं नाही. सरकणारे तंतू त्याच्याकडेही होतेच की! मग बिघडलं काय? ते कळायला एम.एस्सी. पर्यंत जावं लागलं. मी तो विषय धरला तो रागाने. मला शोध-बिध लावायचा नव्हता. मला भांडायला मुद्दा हवा होता.

स्नायू नुसत्या जोरावर चालत नाही, हे मला तिथे समजलं. जोर लावणारे दोन तंतू, पण त्यांना जागेवर धरणारी, मापात ठेवणारी कितीतरी प्रथिनं. ॲक्टिनचा तंतू किती लांब असावा, हे ठरायला मदत करणारं एक. टायटिन नावाचं एक तर प्रचंड, स्प्रिंगसारखं. स्नायू ताणला की ते ताणतं आणि परत जागेवर ओढून आणतं, किती ताणायचं हे सांभाळतं. आणि डिस्ट्रोफिन. ते आतल्या तंतूंना पेशीच्या पातळ पडद्याशी बांधून ठेवतं, आणि पडद्यातून बाहेरच्या आवरणाशी. आपल्याकडे गोधडीला टाके घालतात ना, तसं. टाके नसतील तर आतल्या चिंध्या गोळा होतात आणि वरचं लुगडं ओढाताणीने फाटतं. धाकट्याच्या अंगात जोर होता, टाके नव्हते. प्रत्येक हालचालीला पडदा थोडा फाटायचा, पेशी थोडी मरायची.

आणि सगळ्यात जास्त कधी फाटतं? स्नायू ताण सोसत लांब होतो तेव्हा. उतार उतरताना. बैठकीत खाली जाताना. आणि सावकाश उतरलं, की तो ताण जास्त वेळ राहतो. हे मी विद्यापीठाच्या वाचनालयात वाचलं आणि पुस्तक मिटून बाहेर येऊन पायरीवर बसले. कुणी विचारलं काय झालं, तर सांगू काय? माझ्या बापाने टाळ्या वाजवून माझ्या भावाच्या मांड्या फाडल्या?

तसं म्हणणं खरं नाही, हेही मला माहीत आहे. आजार तालमीमुळे झाला नाही. तालमीत गेला नसता तरी तो खुर्चीत बसलाच असता. वर्षभर उशिरा बसला असता, की सहा महिने, की तेवढंही नाही, कुणाला सांगता येणार नाही. पण डॉक्टरांनी मनाई केल्यावरही नाना त्याला घरामागे नेऊन बैठका काढायला लावायचे, त्याचं काय? "डाक्टरला काय कळतंय मातीतलं? अंग मोडल्याबिगर अंग बनत न्हाई." आई मध्ये पडली तर म्हणायचे, "तुझ्या रक्तानं घालवलंय, मी घामानं आणतोय." अकराव्या वर्षी धाकटा संडासाच्या वाटेवर पडला, तो परत आपणहून उठला नाही. बैठका त्या दिवशी थांबल्या.

पुढची कहाणी काय सांगायची? खुर्ची आली, मग खुर्चीसाठी पायरीला उतार करून घेतला, मग पलंग बदलला. उचलायचं काम नानांचं. ते मात्र त्यांनी कधी टाळलं नाही, तेवढं खरं ते खरं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत. काखेतून हात घालून, छातीला लावून, कुस्तीच्या पकडीने. आणि रोज उचलताना, कण्हत, सवयीने, तेच. "खर्ड्याचं वझं." धाकटा कधी कधी उलटून म्हणायचा, "मग सोडून या मला खर्ड्याला. जत्रा चांगली असती म्हणे." त्याची जीभ भारी. शरीरात जे उरलं ते सगळं जिभेत गेलं. आता विशीत आहे, दोन बोटांनी मोबाईलवर कुस्त्यांचे व्हिडिओ कापून जोडून देतो, गावोगावचे पैलवान त्याला क्लिपा पाठवतात. हसावं की रडावं!

मी नानांशी भांडले नाही असं वर्ष गेलं नाही. "नाना, हा जीन माणसाच्या शरीरातला सगळ्यात लांबलचक. जितका लांब, तितकी चूक होण्याची शक्यता जास्त. पुष्कळ मुलांमध्ये ती चूक नव्यानेच होते, आईमध्ये नसतेच." नाना मिशीवरून हात फिरवायचे. "तू तिचीच लेक. तू काय येगळं सांगनार?" तिथेच विषय संपायचा. तपासणी करा म्हटलं, तर नाना म्हणायचे कशाला, माहीत आहे तेच कळणार. आणि आईही तेच म्हणायची! त्याने माझा संताप संताप व्हायचा. "नको गं," म्हणायची, "मला म्हाईत हाय. माझंच हाय ते." एकदा मी फार मागे लागले, तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, "आन् खरंच माझंच निघालं तर? आता निदान डाक्टर घाईत बोलला आसंल, आसं तरी मनाशी म्हनता येतं."

तेवढ्या फटीतून ती श्वास घेत होती. मी कुठल्या तोंडाने आग्रह करणार?

मग माझं लग्न झालं, मूल हवं असं वाटायला लागलं, आणि माझीच तपासणी करायची वेळ आली. बहीण म्हणून माझ्यातही तो दोष असू शकतो, मला मुलगा झाला तर त्याच्यात येऊ शकतो. पुण्याच्या डॉक्टरबाईंनी धाकट्याचं रक्त घेतलं, त्याच्यात नेमकी कुठे चूक आहे ते काढलं, आणि म्हणाल्या, "तुमच्या आईंचंही द्या. चित्र स्पष्ट होईल." आई नाही म्हणाली. तेव्हा धाकटा पलंगावरून म्हणाला, "आई, तू दे. तुझं निघालं तर माझ्याकडनं काय तक्रार न्हाई. पण नसलं तुझं, तर मला नानांचं तोंड बघायचंय. मला दुसरी कुठली कुस्ती बघायला मिळणार?"

आई पदराने तोंड पुसून उठली आणि साडी बदलायला गेली.

निकाल ऐकायला आम्ही दोघीच गेलो. डॉक्टरबाईंनी आधी माझं सांगितलं, तुमच्यात नाही. मग आईकडे वळून, अगदी सावकाश, तिला कळेल असं म्हणाल्या, "आई, तुमच्यातही नाही. तुमच्या आई-वडिलांकडून काही आलेलं नाही. ती चूक तुमच्या मुलाच्या वेळी बीज तयार होताना नव्याने झाली. कुणाकडेही होऊ शकते. यात तुमच्या माहेरचा काही संबंध नाही." शास्त्राचं माणूस असल्याने त्यांनी शेपूट जोडलंच, की रक्तात नसली तरी आईच्या एखाद-दुसऱ्या बीजात असण्याची अगदी बारीक शक्यता राहते, पण आईंना आता मूल होण्याचा प्रश्न नाही, तर ते सोडून द्या.

आईने दोनदा विचारलं, "म्हंजे माझं न्हाई?"

"नाही."

"आन् माझ्या आईचं बी न्हाई?"

"नाही, आई."

मला वाटलं रडेल. तिने पर्समधून मोबाईल काढला. जिन्यातच उभं राहून मामाला फोन लावला. आवाज असा मोठा, की शिपाई वळून बघायला लागला. "आरं, आपल्यातलं न्हाई ते! डाक्टरीन म्हनली! आपल्या घरातलं न्हाईच!" तिकडून मामा बोलत राहिला, आई ऐकत राहिली. स्पीकर नव्हता, पण मामाचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. "लई बरं झालं अक्का. लई बरं झालं. पर आता धाकलीचं ठरत आलंय. लोकांना रक्तातलं काय समजतंय? उगा विषय निघायचा. तेवढं लगीन उरकू दे, मग ये की. हक्कानं ये." आई म्हणाली, "बरं." तोच 'बरं', दिवाळीच्या वेळचा. मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि जिना उतरायला लागली. वाटेत शिरूरला चहा घेतला, तोही तिने अर्धा टाकला. मी मामाला शिव्या घालायला लागले तर म्हणाली, "जाऊ दे. त्याला पोरी हायेत."

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. नाना पडवीत पलंगाच्या कडेला, धाकटा आत दाराशी खुर्चीत, दोघेही वाट बघत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. डॉक्टरबाईंचं शेपूटही सांगितलं, कारण मला उद्या कुणी खोटं म्हणायला नको होतं. नानांनी नेमकं तेच पकडलं.

"म्हंजे शक्यता हाय म्हनली ती."

"नाना, आईच्या रक्तात नाही. माहेरचं नाही. तुम्ही इतकी वर्षं म्हणताय ते खोटं आहे."

"पर शक्यता हाय ना?"

"पाठ टेकली, नाना," आतून धाकटा म्हणाला. "उठा आता."

नानांचा हात मिशीवर गेला, परत खाली आला. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं, चुकलं म्हणून. तेही मोठ्याने नको, पुटपुटले असते तरी चाललं असतं. एवढा मोठा वस्ताद, कैक पोरांना हरल्यावर समोरच्याला हात मिळवायला शिकवलेलं. नानांनी एक लांब श्वास सोडला आणि म्हणाले, "देवाची करनी. दुसरं काय."

आई अजून उंबऱ्यातच होती, हातात पर्स तशीच. ती नानांकडे बघत म्हणाली, "माझ्याकडचं हुतं, तवा देव कुठं गेल्ता?"

मी तिला त्या माणसाला असा प्रश्न विचारताना जन्मात ऐकलं नव्हतं. ती ओरडली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं. ती थांबून राहिली.

नाना भिंतीकडे बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "पानी दे गं जरा."

"माठात हाय," आई म्हणाली, आणि उंबऱ्यावरच खाली बसली.

नाना जरा वेळ तसेच बसून राहिले, ती उठेल म्हणून. मीही बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. तांब्या कुठे असतो ते त्यांना सापडेना, भांड्यांचा आवाज येत राहिला. आईने सांगितलं नाही. एवढ्या वर्षांचं तिला एवढंच मिळालं, आणि तेही कुणी दिलं नाही, तिचं तिने घेतलं.